एकटं बसायची जागा

माझी नोकरी फिरतीची झाली आणि मुलीला हॉस्टेलात ठेवायची वेळ आली. घरात आम्ही दोघीच. तिचे बाबा ती लहान असतानाच वारले. मी आठवड्यातले बरेच दिवस बाहेरगावी, मग दहा वर्षांच्या पोरीनं नंदनवन कॉलनीतल्या घरात कोणाच्या भरवशावर राहायचं?

शाळांना तोटा नव्हता. अडचण होती पोरीच्या स्वभावाची. शाळेतून आली की ती गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे तासभर एकटी बसते. पुस्तक नाही, मोबाइल नाही, नुसती बसते. मग खाली येऊन बडबडून माझं डोकं खाते. पाहुण्यारावळ्यांत तो तास बुडाला, की रात्री तिला घास उतरत नाही आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ती तोंड उघडत नाही. धरमपेठेतली माझी बहीण म्हणाली, "काहून वं एवढं टेन्शन घेऊन राहिली? चार पोरींत राहिली का आपोआप सुधरते." बिघडलंय काय, ते मात्र कोणी सांगत नाही. मला बहिणीचा भयंकर राग आला.

दोन शाळा पाहिल्या. दोन्हीकडे मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आम्ही मुलांना एक मिनिट रिकामं बसू देत नाही." यांना मूल नको, घाण्याचा बैल हवा.

तिसरी उमरेडच्या पुढे; मुलीलाही सोबत नेलं. सोमवारी मला रुजू व्हायचं होतं, म्हणजे हीच शेवटची. आवारात झाडं होती, मेट्रनबाई प्रेमळ होत्या. मी हात जोडायचेच बाकी ठेवले. "इथं मुलीला थोडा वेळ एकटं बसायला कुठं जागा आहे का हो?"

"आहे नं मॅडम, सिक रूम आहे. पोरगी बिमार पडली का तिले तिथं ठेवतो. मंग तिकडं कोणी फिरकत नाही."

ओरडावंसं वाटलं. आपल्याकडे माणूस एकटं बसलं की त्याची तब्येत बिघडलेलीच असली पाहिजे! पण रागावून जाणार होते कुठं? मुकाट्यानं ती खोली पाहिली. एक खाट, एक खिडकी. माझ्यामागून मुलीनंही डोकावून पाहिलं.

परतीच्या एसटीत ती मला खेटून बसली. मग माझा दंड धरून म्हणाली, "आई, हीच शाळा घेऊ. मी मधून मधून बिमार पडत जाईन."

ती मला धीर देत होती. आणि मला नाही म्हणता आलं नाही.