सुषमाच्या वाट्या

अकोल्याहून गजाननचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. "ताई, सुषमा गेली," एवढंच तो म्हणाला. सुषमा म्हणजे त्याची धाकटी बहीण, आमच्या प्राणिशास्त्र विभागातली माझी सहकारी. वर्षभर आजारी होती, पण इतक्या लवकर... दीड महिना झाला आता. शोकसभेत विभागप्रमुख म्हणाले, "मॅडमचं संशोधन अपुरं राहिलं, विजेनं घात केला." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून किळस येते.

बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याची ही पोर. तिचं काम तिनं मला समजावलं ते फालुद्याच्या गाडीपाशी, ग्लासातला फुगलेला सब्जा दाखवून. "असेच पानी धरून ठेवनारे जेलीचे कण असतात ताई, पन डोळ्याले न दिसनारे. मी त्याइले वाटीचा आकार देते. एका वाटीत एकच पेशी. ती जे प्रथिन सोडते ते वाटीलेच चिकटते." सगळ्या पेशी एकत्र ठेवल्या तर काय बिघडतं, मी विचारलं. "साऱ्या भाज्या एकाच गंजात शिजवल्यावर कोन्त्या भाजीचा रस कोन्ता, सांगान काय तुमी?" मी हसले. विभागात बाकीचेही हसायचे, पण त्यांचं हसणं वेगळं होतं. 'साबुदाणावाली बाई' म्हणायचे तिला.

सिकलसेलच्या रुग्णांचं अंग इतकं ठणकतं, तेव्हा त्यांच्या रक्तातल्या नेमक्या कोणत्या पांढऱ्या पेशी काय सोडतात, हा तिचा प्रश्न होता. त्यासाठी ती चिखलदऱ्याच्या पलीकडच्या गावांत एसटीनं जायची, ओसरीवर बसून एकेकाला सगळं समजावून सांगायची, मगच रक्त मागायची. त्या पेशी आमच्या डीप फ्रीझरमध्ये होत्या. वाट्या जमल्या होत्या, पहिले निकाल आले होते, आता पडताळणी तेवढी राहिली होती.

दिवाळीच्या सुटीत मेन स्विच बंद करायचा हा आमच्या कॉलेजचा जुना रिवाज. दोन वर्षांपूर्वी ते काम माझ्याकडे होतं. अकोल्याला निघताना सुषमा बजावून गेली होती, "ताई, फ्रीझरची लाईन आता मेनवरच जोडली हाय. आपला मजला बंद करू नका." मी हो म्हणाले. आणि माहेरची गाडी गाठायच्या घाईत खट्‌कन स्विच पाडून निघून गेले! परत आले तेव्हा फ्रीझरखाली पाणी साचलं होतं. मी स्विच चालू केला, फरशी पुसली आणि सुषमा आल्यावर म्हणाले, "वीज गेली होती म्हणे गं दोन दिवस." ती फ्रीझरसमोर खाली बसली. मग विचारलं, "त्या लोकाइले आता काय सांगू?" पुन्हा रक्त मागायला जायची तिला लाज वाटत होती. कशीबशी तयार झाली, तर आजारानं गाठलं.

मागच्या रविवारी गजानन घरी आला. तिच्या प्रयोगांची वही कॉलेजात द्यायची की घरी ठेवायची, हे त्याला विचारायचं होतं. वही सगळी इंग्रजीत आणि आकड्यांत, एका पानावर तेवढं मराठी होतं. त्यानंच ते सावकाश वाचलं. "वीज गेली नव्हती, वीज कंपनीत विचारून आले. वंदनाताईंना काही बोलायचं नाही." मग वर बघून म्हणाला, "तुमाले काय बोलाचं नव्हतं, ताई?"

म्हणजे तिला माहीत होतं. तरी आजारी पडेपर्यंत रोज माझ्याशेजारी बसून डबा खाल्ला तिनं, ठेच्याची पहिली बोटभर चव मला दिली...

मी गजाननला सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. चहाला हात न लावता उठला, चपला घातल्या. वही टेबलावरच राहिली म्हणून मी ती घेऊन फाटकापर्यंत गेले. त्यानं घेतली नाही.

"राहू द्या तुमच्यापाशीच," तो म्हणाला.