गोल कोपऱ्यांची पट्टी

थोरली गाडी चालवायला शिकली ती हौसेने नव्हे. घरोघर जाऊन रुग्णांचं ड्रेसिंग करणारी नर्स होती ती, आणि बसची वाट बघत उभं राहण्याइतका धीर तिच्या अंगात कधीच नव्हता. सुरुवातीला नवरा शेजारच्या सीटवर बसायचा आणि तिथे नसलेला ब्रेक पायाने दाबत राहायचा. शेवटी तिने सांगून टाकलं, "ज्याला भीती वाटते त्याने मागे बसावं." तो मागे बसला. मरेपर्यंत मागेच बसला, आणि खरं सांगायचं तर सुखाने बसला.

तो गेल्यावर पुढची सीट धाकटीची झाली. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. कचेरीत टायपिस्ट होती, लग्न केलं नाही, बोलायला लोण्यासारखी. दोघी एका घरात राहू लागल्या. थोरली गाडी चालवायची, धाकटी पत्ता वाचायची. दोघी बँकेत जायच्या ते त्या गाडीतून, दातांच्या डॉक्टरकडे त्या गाडीतून, नातलगांच्या आजारपणाला आणि पाठोपाठ त्यांच्या मयतालाही त्याच गाडीतून. धाकटीने कधी ब्रेक दाबला नाही, कधी "हळू" म्हटलं नाही. थोरली चारचौघांत सांगायची, "माझ्या गाडीत बसायची अक्कल एकाच माणसाला आहे."

मुलाला मात्र आईचं गाडी चालवणं डोळ्यांत खुपत होतं. दर फोनला तेच.

"आई, आता बास कर."

"का? तुझ्या बायकोने परवा खांबाला घासली. तिला सांगितलंस बास कर?"

"तुझं वय..."

"माझं वय मला माहीत आहे, तुझ्याआधीपासून."

अशा वेळी धाकटी हातातून फोन काढून घ्यायची. "उगाच तिच्या मागे लागू नकोस रे. ताईसारखी गाडी तुम्हा कुणाला येत नाही." मावशीपुढे त्याचं काही चालत नसे.

मग एके दिवशी चावी कुरकुरायला लागली. बटण दोनदा दाबलं तर दार उघडायचं, गाडीच्या पडद्यावर चावीतला सेल संपत आल्याची सूचना यायची. दुसरी चावी होती, पण ती नवऱ्याच्या पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये जाऊन स्वच्छ धुऊन मेली होती. धाकटी म्हणाली, "आण इकडे. तुझी बोटं आखडलेली, सेल केवढासा. मीच बदलते."

बदलला. नवा सेल, नवं पाकीट, सगळं दाखवलंसुद्धा. आणि चावी कायमची गप्प झाली. दाबा, चोळा, शिव्या द्या, काही नाही. आतली लोखंडी चावी काढून दार उघडलं, तर गाडी म्हणाली, चावी सापडत नाही. मेकॅनिकला फोन केला. तो न बघताच म्हणाला, "रिमोट गेला असेल. जुनं मॉडेल आहे, कंपनीकडून नवा मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही." मुलाला तेवढंच हवं होतं. त्याने गिऱ्हाईकही शोधलं. गाडी ओढून न्यायला रविवारी माणूस येणार होता.

थोरली एरवी नाकावर माशी बसू देणारी नव्हे. पण तीही या खेपेला ढिली पडली, कारण धाकटी म्हणाली, "जाऊ दे ना ताई. टॅक्सीने जात जाऊ. तूही जरा खिडकीबाहेर बघशील." मुलाने म्हटलं असतं तर तिने त्याला खिडकीबाहेर काढलं असतं. धाकटीने म्हटलं म्हणून ती हो म्हणाली.

शनिवारी सकाळी धाकटी पाव आणायला खाली गेली होती. थोरलीने चावी पुसायला घेतली. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात मळकी द्यायची नाही, ही नर्सची खोड. बटणांच्या कडेला मळ साचला होता, म्हणून उघडूनच पुसावी असं तिने ठरवलं. लोखंडी चावी बाहेर ओढली, तिथल्या फटीत नाणं घालून पिळलं. कट्ट आवाज झाला, दोन शकलं झाली. केसातल्या पिनेने सेल उचलला.

सेलखाली पितळेची बारीक जिभली असते, तिला टेकून वीज जाते. त्या जिभलीवर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. नखाएवढी.

"कारट्या!" ती मोठ्याने म्हणाली आणि फोन उचलला. मुलाचा नंबर लावता लावता पुन्हा एकदा पट्टीकडे नजर गेली, आणि अंगठा तिथेच थांबला.

मुलगा चिकटपट्टी दाताने तोडतो. लहानपणापासून. ही पट्टी कात्रीने कापलेली होती आणि तिचे चारही कोपरे गोल केलेले होते.

चौकोनी कोपरा घासतो, उचकटतो. गोल कोपरा बसला की बसला. थोरलीने हे प्रत्येक रुग्णाच्या घरी सांगितलं होतं आणि प्रत्येक घर ते विसरलं होतं. विसरली नव्हती ती एकच. आई अंथरुणाला खिळली होती, पाठीला जखमा झाल्या होत्या, तेव्हा दोघी बहिणी मिळून तिचं करत. धाकटी कात्री घेऊन जीव ओतून कोपरे गोल करत बसायची, आणि थोरली म्हणायची, "टायपिस्ट कशाला झालीस? हात नर्सचा आहे तुझा."

तो हात आता चावीत सापडला होता.

तिने पट्टी सोलून काढली. सहज निघाली नाही. बसवली होतीच तशी. सेल परत घातला, खिडकीशी गेली, बटण दाबलं. खाली गाडीचे दिवे लुकलुकले आणि टुक आवाज झाला. नेमकी त्याच वेळी धाकटी पाव घेऊन गाडीच्या बाजूने चालली होती. ती जागीच थबकली. तिने वर पाहिलं नाही.

दारात आली तेव्हा थोरलीने तळहात पुढे केला. तळहातावर पट्टी.

"हे काय?"

"ताई, आधी बसू दे मला."

"उभ्याने सांग. लावताना बसली होतीस ना?"

धाकटीने पाव टेबलावर ठेवला. "चौकातला लाल दिवा तू तोडलास. एक म्हातारा काठी घेऊन उतरला होता, तो कसाबसा मागे सरला. तू गाणं गुणगुणत होतीस. तुला तो दिसलासुद्धा नाही."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुला कोण सांगणार? भावजींनी सांगितलं तर त्यांना मागे बसवलंस."

"त्यांनी तोंडावर सांगितलं! तू काय केलंस? फोनवर माझी बाजू घेतलीस. ताईसारखी गाडी कुणाला येत नाही म्हणालीस. आणि स्वयंपाकघरात बसून कोपरे गोल केलेस. केसाने गळा कापतात असं ऐकलं होतं बाई, माझा माझ्याच कात्रीने कापलास."

"तू मेली असतीस तर? नाहीतर कुणाला मारलं असतंस तर?"

"तर ते तू मला सांगायचं होतंस. मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते. पण तू सांगायचं होतंस."

धाकटी रडायला लागली. थोरलीने तिला रडू दिलं. मुलाला फोन करून म्हणाली, "त्या माणसाला सांग, गाडी विकायची नाही." का म्हणून त्याने विचारलं, ते तिने सांगितलं नाही. धाकटीला त्याच्यासमोर उघडं पाडणं तिला सोपं होतं. तिने ते केलं नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

मग ती एकटीच गाडी घेऊन त्या चौकात गेली. दिवा लाल होता. थांबली. त्या लाल दिव्याकडे ती आरोपीसारखी बघत राहिली, इतकी, की दिवा हिरवा झाला तरी तिला कळलं नाही. मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. इतकी वर्षं तिने रस्त्याकडे पाहिलं होतं. आज ती स्वतःच्या डोळ्यांकडे पाहत होती. तो म्हातारा खरंच होता का? धाकटी खोटं बोलत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच त्या वाक्याचं तिला हसू आलं. कडू, पण आलं.

तिने डोळ्यांच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली. निघताना धाकटी चपला घालून दाराशी उभी होती.

"मी येऊ?"

"ये."

दोघी खाली उतरल्या. धाकटी सवयीने पुढच्या दाराकडे वळली. थोरलीने त्या सीटवर आपली पर्स ठेवली होती.

"मागे बस," ती म्हणाली.

धाकटी मागे बसली. गाडी सुरू झाली तशी पुढच्या सीटचा पट्टा लावा म्हणून टिणटिण वाजायला लागली. पर्स तशी जडच होती, जन्मभराचं सामान भरलेली. धाकटी मागून हात पुढे करून म्हणाली, "ताई, पर्स इकडे दे ना माझ्याकडे."

थोरलीने पर्सला पट्टा लावला, आणि गाडी रस्त्यावर घेतली.