अक्काचं अर्थिंग

अक्काच्या घरात उघडी म्हणून वस्तू दिसायची नाही. टीव्हीला झालरीचं कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या डोक्यावर खिशाखिशांचं कव्हर, आणि रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून वरून रबरबँड. भुसावळची धूळ आणि अक्का यांचं हाडवैर होतं. "उघडं ठेव ते धूळ बसस," एवढं म्हणून ती शिलाई मशीनवर बसायची, आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या आणखी एखाद्या वस्तूला अंगरखा चढायचा. या घरात झाकायचं राहिलंय ते फक्त हिचं तोंड, असं नाना म्हणत. अर्थात ती भाजी आणायला गेलेली असताना.

अक्का माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. माहेर पारोळ्याजवळच्या खेड्यातलं. नाना म्हणजे तिचे यजमान, रेल्वेत गार्ड होते. सगळा जन्म रेल्वे कॉलनीत नाना तऱ्हेच्या लोकांत काढूनही अक्काने आपली अहिराणी सोडली नाही. नाना मात्र वर्तमानपत्रात छापल्यासारखं बोलायचे. दोघं दोन बोलींत भांडायची आणि दोघांपैकी कुणीच कधी हरायचं नाही. मी जळगावला नोकरीला लागलो तेव्हापासून बहुतेक रविवार त्यांच्याकडेच जायचा, जेवणासाठी थोडा आणि या भांडणांसाठी जास्त.

नानांचं घोरणं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण अक्काला त्या घोरण्याचा त्रास कधीच झाला नाही. तिला भीती होती ती घोरणं मध्येच बंद पडायचं त्याची. तसं झालं की ती गाढ झोपेतूनही उठायची आणि नानांच्या बरगडीत कोपर मारायची. नाना एक मोठा श्वास घेत, कूस बदलत, आणि सकाळी अंग दुखतं म्हणून कुरकुर करत. संसारभर तिने ही चाकरी केली. पुढे जळगावच्या डॉक्टरांनी नानांची झोपेतली तपासणी केली आणि झोपेत यांचा श्वास थांबतो, असं निदान सांगितलं. अक्का तिथेच म्हणाली, "हाई माले इचारी लेवानं व्हतं." डॉक्टर हसले आणि त्यांनी मशीन लिहून दिलं. रात्री नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवेचा झोत येतो आणि श्वास अडत नाही. मशीन घरी आल्यावर अक्का इतकी झोपली, की सकाळी तिच्या अंगणात झाडूचा आवाज नाही म्हणून शेजारीण बघायला आली.

असा उपकार करणाऱ्या वस्तूला अक्का उघडी कशी ठेवणार? तिने मशीनला मखमलीचं कव्हर शिवलं. नळीपुरतं भोक ठेवलं, बाकी सगळीकडून बंद, खाली सोनेरी लेस. मशीन आत हवा ओढून घेतं त्या जाळीवरही मखमल आली. हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याही आलं नाही. आम्ही सगळ्यांनी कव्हराचं कौतुकच केलं.

मे महिन्यातली दुपार होती. नाना जेवून मास्क लावून आडवे झाले होते. शेजारी पत्र्याचा कूलर घरघरत होता. मी आणि अक्का ओट्यापाशी शेवयांसाठी गहू निवडत बसलो होतो. अक्का एकदम थांबली आणि नाक वर करून म्हणाली, "काहीतरी जळी ऱ्हायनं." मला कसलाही वास येत नव्हता. ती मात्र पदर खोचून खोलीत धावली, नानांच्या तोंडावरचा मास्क तिने ओढून काढला आणि मला ओरडून सांगितलं, "भाऊ, मेन बंद कर!" मी मेन स्विच पाडला. पलंगाखाली बघतो तर लांब वायरीचा बोर्ड गादीच्या लोंबत्या चादरीत गुंडाळलेला, आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. कूलर आणि मशीन दोन्ही त्याच बोर्डावर. आणखी थोडा उशीर झाला असता तर चादर पेटली असती.

सलीमभाई वायरमन आले. त्यांनी बोर्ड उघडून आतलं वितळलेलं प्लास्टिक दाखवलं. कूलरची तिसरी पिन नानांनीच कधीतरी जुन्या बोर्डात बसेना म्हणून मोडली होती, म्हणजे कूलरच्या पत्र्यात वीज उतरली असती तर तिला जमिनीत जायला वाटच नव्हती. मशीनवरची मखमल बघून तर सलीमभाईंनी कानाला हात लावले. "अक्का, साहेबांना श्वास मिळावा म्हणून मशीन आणलं, आणि मशीनचाच गळा दाबला तुम्ही?" एरवी कुणाचं ऐकून न घेणारी अक्का खाली मान घालून बसली. मग उठली, कव्हर काढलं आणि सगळ्यांसमोर कात्रीने टराटरा फाडलं.

नानांनी त्या दिवशी मास्क लावायचं सोडलं. "झोपेत मरण आलं तर आनंदाने जाईन, पण शॉक लागून मरणार नाही," हे त्यांचं वाक्य. मुलांनी पुण्याहून फोन केले, मीही समजावलं. नाना ढिम्म. आणि अक्का पुन्हा पहाऱ्यावर. तिचे डोळे खोल गेले, भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. सलीमभाईंना बोलावून ती म्हणाली, "बठ्ठं घर तपासा. यास्ना मनमा भ्याव नको ऱ्हावाले." मग कूलरला वेगळी लाइन आली. मशीनला भिंतीत स्वतःचा पॉइंट आला. वीज कुठे गळायला लागली की आपोआप पुरवठा तोडणारा खटका मेनजवळ बसला. एवढं सगळं झालं तरी नाना तयार होईनात. तेव्हा अक्काने भर दुपारी स्वतः मास्क लावला, पदर नीट केला आणि पलंगावर ताठ झोपली. नाना खुर्चीवर बसून बघत राहिले. मशीनवाल्याने ते दृश्य बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता. तासाभराने ती उठली, मास्क धुऊन पुसून नानांपुढे धरला आणि म्हणाली, "मी जित्ती शे. आते तुम्ही लावा." नानांनी लावला.

घरामागे अर्थिंगचा खड्डा होता. घर बांधताना केलेला, मग कोरडाठाक पडलेला. सलीमभाईंनी त्यात मीठ-कोळसा भरून सांगितलं की उन्हाळ्यात इथे पाणी घालत जा, माती ओली राहिली पाहिजे. तेवढं पुरे झालं. तुळशीला पाणी घालून झालं की अक्का तांब्या घेऊन मागे जायची आणि खड्ड्यात उभ्या केलेल्या नळीत पाणी ओतायची. "जमीनले बी तीस लागस, भाऊ." हे कसलं व्रत म्हणून गल्लीतल्या एका नव्या सुनेने तिथे हळदकुंकूही वाहिलं. त्या खटक्यावर एक तपासणीचं बटण होतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं. अक्काने त्यासाठी अमावस्या नेमली. नाना क्रिकेट बघत असले, शेवटची षटकं चालू असली, तरी अमावस्या म्हणजे अमावस्या. घरभर वीज जायची आणि नाना छापील मराठीत संतापायचे.

पुढे पुढे तिला दुसऱ्यांच्या घरातही बसवेना. लग्नाकार्याला गेली की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी विचारायची, "बोर्डले तिसरं भोक शे का?" माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही धुळ्याला गेलो, तेव्हा सगळे पोहे खात होते आणि अक्का कूलरमागे वाकून प्लग बघत होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलीचे वडील गोंधळले. मुलगी मात्र ट्रे खाली ठेवून म्हणाली, "काकू, त्याला अर्थिंग नाहीये. मी बाबांना सांगून थकले." अक्काने मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानंतर मला कुणी काही विचारलंच नाही. तीच आता माझी बायको, आणि तिच्या बाबतीत अक्काची नजर जराही चुकली नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्काला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ऑक्सिजन लावलेला असतानाही ती हाताने मला खूण करायची. मला कळायचं, नानांनी मास्क लावला का, हे विचारतेय. मी हो म्हणायचो. ती गेली तेव्हाही माझं ते "हो" ऐकूनच गेली असं मला वाटतं, आणि ते खोटं होतं. ती दवाखान्यात गेल्यापासून नानांनी मास्कला हात लावला नव्हता.

तेराव्याला पाहुणे जेवून गेले, मुलं त्यांना स्टेशनवर सोडायला गेली. घर सुनं झालं. नाना खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते, मान खाली पडायची आणि ते दचकून जागे व्हायचे. माझ्या बायकोने हळूच म्हटलं, "नाना, मास्क लावून जरा पडा." त्यांनी नुसती मान हलवली. म्हणाले, "मला आता जगायची हौस राहिली नाही, पोरी." आम्ही भांडी आवरायला लागलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली. ते पलंगावर जाऊन बसले होते, हातात मास्क होता आणि त्याचे पट्टे त्यांना सुटत नव्हते.

"मरायचं मला काही वाटत नाही रे," ते म्हणाले, "पण वर गेल्याबरोबर ती पहिलं हेच विचारणार, लावला होता का म्हणून. तिच्याशी खोटं बोलायला मला कधी जमलं नाही."

मी पट्टे सोडवून दिले आणि बटण दाबलं. नाना झोपले. मी मागच्या दारी गेलो आणि अक्का गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडलो.