डोंगरामागची भिंत

गार्डचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाळी सातची. मधला वेळ त्याचा स्वतःचा. पुढचा दिवस मालकाचा, आणि संध्याकाळ दुखणाऱ्या पाठीची. तोंडावर पाणी मारायचं, मागच्या खोलीत जायचं आणि दार लोटून घ्यायचं. तिथे त्याची आगगाडी होती.

गार्ड हे नाव कारखान्यानं दिलेलं. तो लेथवर टर्नर होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खिशातून नखाएवढं चाक खाली पडलं. ‘हे रे कशाचं?’ म्हणून कुणी विचारलं, तर हा सरळ म्हणाला, ‘मालगाडीचं.’ झालं. त्या दिवसापासून तो गार्ड. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्याचं खरं नाव घेतलं, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, ‘हे आणि कोण?’

गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. इंजिन तळहातावर मावेल, डबा बोटाएवढा. रूळ, इंजिन आणि मोटर विकतची. बाकी सगळं हातानं केलेलं. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार पिळून झाडं केली. चहाचा चोथा वाळवून, चाळून रुळांखालची खडी केली. डब्यांची चाकं फोरमनची परवानगी काढून पाळी संपल्यावर लेथवर कातली. स्टेशनच्या खिडकीत मोहरीएवढा दिवा बसवला. पहिल्यांदा तो लागला तेव्हा गार्ड खोलीतला मोठा दिवा बंद करून नुसता बसून राहिला. पाळीला उशीर झाला, अर्ध्या दिवसाचा खाडा लागला. त्याला वाईट वाटलं नाही.

पण आगगाडी म्हणजे सरळ चालणारी वस्तू, असं ज्याला वाटतं त्यानं ती कधी बांधलेली नसते. रुळावर धूळ बसली की वीज पोचत नाही. इंजिन आचके देत थांबतं. उन्हाळ्यात रूळ फुगून वाकतात, पावसाळ्यात खालची फळी वाकते. तारेच्या जोडावर कथलाचा डाग नीट बसला नाही तर वरून जोड दिसतो आणि आतून तुटलेला असतो. तो शोधण्यात आठवडा जातो. एक सांधा समजवावा तर तीन रुसून बसतात. लेथवर चुकलं की जॉब भंगारात टाकून दुसरा घेता येतो. इथे चूक रोज सकाळी तोंडासमोर उभी.

बायको या सगळ्याला ‘सवत’ म्हणायची. चिडून नव्हे, चिडण्याची वर्षं मागे पडली होती. दारातूनच ओरडायची, ‘अहो, जेवायला येताय की पाठवू मालगाडीनं?’ आत मात्र यायची नाही. ‘सवतीच्या खोलीत पाय ठेवत नाही मी,’ म्हणायची. मुलगी लग्न होऊन दूर गेली. घरात दोघं आणि मध्ये एक लोटलेलं दार.

मग एका सुट्टीच्या सकाळी ती दारात उभी राहिली. पदर खोचलेला. म्हणाली, ‘मला काहीतरी द्या करायला. नुसतं बसवत नाही आता.’

गार्ड कोपऱ्यात डोंगर करायच्या तयारीत होता. तारेच्या जाळीचा सांगाडा उभा होता, त्याखालून रूळ वळत होता. डोंगराला पाठ नव्हती. पाठीला खोलीची भिंत. कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून जाळीवर चिकटवायच्या, वाळल्या की वरून प्लास्टर. त्यानं तिला काम समजावलं. तिनं ते असं धरलं की जणू जन्मभर डोंगरच करत आली होती. पट्टी आडवी, मग उभी, मग तिरकी. कडा भिंतीवर घट्ट दाबून बसवलेल्या. हातांना कोपरापर्यंत खळ.

बोगदा बांधणाऱ्याला एक गोष्ट पहिल्यांदा कळते. आत हात जाईल अशी जागा ठेवायची. वरचा तुकडा सुटा ठेवायचा, नाहीतर मागून झाकण. गाडी घसरली तर आतच घसरते. तिथे डोळा पोचत नाही आणि हातही. गार्डला हे पाठ होतं.

‘अगं, वर एक भोक ठेवू या,’ तो म्हणाला.

‘डोंगराला भोक? दोन आहेत की. आत जायचं एक, बाहेर यायचं एक.’

‘दुरुस्तीला लागतं.’

‘तुम्ही नीट बसवलेत ना रूळ? मग कसली दुरुस्ती? माझा चांगला गुळगुळीत माथा आणि त्यावर झाकण! शिंप्यानं कोटाला पाठीवर खिसा लावल्यासारखं.’

त्यानं वाद घातला नाही. सुताचा फरक न सोडणारा माणूस, पण त्या दिवशी गप्प बसला. पहिल्यांदाच ती त्या खोलीत त्याच्या शेजारी उभी होती. ती रुसून बाहेर गेली असती तर परत आली नसती. डोंगर बंद झाला. तिनं त्याला रंग दिला. गाडी एका तोंडातून गेली, दुसऱ्यातून आली, तेव्हा ती टाळ्या वाजवून म्हणाली, ‘गेली माझ्या पोटात आणि आली बाहेर!’ आणि स्वतःच लाजली.

पुढच्या वर्षी ती गेली. दुखणं थोड्या दिवसांचं होतं.

गार्ड निवृत्त झाला. पहाटे उठायची गरज उरली नव्हती, तरी साडेचारला डोळे उघडत. गाडी एकटाच चालवी. बरी चालत होती. मग एका पावसाळ्यानंतर ती बोगद्यात शिरली आणि बाहेर आली नाही.

त्यानं लांब तारेचा आकडा केला, तोंडातून आत घातला आणि इंजिन ओढून काढलं. पुसलं, परत सोडलं. परत घसरलं. आतल्या वळणावर रुळाचा सांधा उचलला गेला असणार; खालची फळी फुगली की तसं होतं. दोन बोटांचं काम होतं, पण बोटं तिथे पोचत नव्हती. दोन्ही तोंडांतून हात कोपरापर्यंतच जाई आणि वळण त्याच्या पलीकडे. खालून फळी कापावी, तर बरोबर तिथे त्यानंच लावलेली टेबलाची जाड तुळई. ती काढली तर टेबल बसतं आणि डोंगर बरोबर घेऊन बसतं. तिसऱ्या खेपेला एक डबा आत असा अडकला की आकड्यालाही येईना.

जुना सोबती आला. कारखान्यातला ग्राइंडरवाला, आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणत.

‘फोड,’ भोंगा म्हणाला. ‘टरबूज फोडतात तसा फोड. आत काय सोनं पुरलंय?’

‘डबा आहे एक.’

‘डब्यासाठी एवढं तोंड पाडून बसलास?’

‘डोंगर तिनं केलाय.’

भोंग्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली आला. ‘मग राहू दे,’ तो म्हणाला. ‘गाडी नाही चालली तर नाही चालली. कोण तिकीट काढून बसलंय?’ चहा पिऊन तो गेला.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘बाबा, आईनं स्वतःच हातोडा दिला असता हातात. फोडा तुम्ही. मी आले की नवा करू आपण दोघं.’

‘कधी येतेस?’

‘बघते. या महिन्यात नाही जमणार बहुतेक.’

‘बरं,’ गार्ड म्हणाला.

एकदा त्यानं हॅकसॉचं पान डोंगराच्या माथ्याला लावलंही. जिथे लावलं तिथे तिच्या अंगठ्याचा खळगा होता, प्लास्टर ओलं असताना दाबलेला. त्यानं पान परत डब्यात ठेवलं. मग बरेच दिवस गाडी स्टेशनात उभी राहिली. तिच्यावर धूळ बसली आणि त्यानं ती पुसली नाही. आगगाडी करणाऱ्या माणसानं धूळ पुसणं सोडलं म्हणजे काय, ते दुसऱ्या आगगाडी करणाऱ्यालाच कळेल. तसा तिथे कुणी नव्हता.

एका सकाळी त्याला राहवलं नाही. इंजिन एकटंच, अगदी सावकाश सोडलं आणि तो दूध बघायला स्वयंपाकघरात आला, कारण दूध उतू जात होतं. पातेलं उतरवतो तोच ओट्यामागच्या भिंतीतून आवाज आला. टिक, टिक, टिक आणि खट्. इंजिन घसरलं होतं. बरोबर चहाच्या डब्यामागे.

गार्ड पातेलं हातात धरून उभा राहिला. डोंगराला पाठ नव्हती. पाठ ही भिंत होती, आणि भिंतीची दुसरी बाजू त्याच्या नाकासमोर.

गवंडी आला. तिशीतला, बोलका. भिंतीवर टिचक्या मारून म्हणाला, ‘काका, ही वरचा सगळा भार घेऊन उभी आहे. आधी टेकू द्यावे लागतील, मग वर लोखंडी बीम, मग भोक. खर्च खिडकीचा नाही, अर्ध्या घराचा येईल. आणि पलीकडे आहे काय? खोलीच ना?’

‘डोंगर आहे.’

गवंड्यानं मागच्या खोलीत जाऊन बघितलं. परत आला तेव्हा त्यानं हसू मोठ्या कष्टानं आवरलेलं होतं. ‘लोक उजेडासाठी भिंत फोडतात, काका. तुम्ही अंधारासाठी फोडताय.’

‘हातोडा लावायचा नाही.’

‘मग काय, फुंकर मारू?’

‘सांध्यांत भोकं पाडायची, बारीक. हातानं, मशीन नको. विटेभोवतीचा चुना मोकळा झाला की वीट हातानं ओढायची. हादरा बसला तर पलीकडचं पडेल.’

‘एका दिवसाचं काम आठवड्यावर जाईल.’

‘जाऊ दे. मजुरी तुझी बुडणार नाही.’

पैसे होते. ओव्हरटाइममधून गार्ड वर्षानुवर्षं बाजूला टाकत आला होता, एका इंजिनासाठी. पितळी, जड, सगळी दांडकी हलणारं, दुकानाच्या काचेमागचं. निवृत्तीचे त्यात घातले तेव्हा ते जवळजवळ हातात आलं होतं. त्यानं दुकानात जाऊन सांगितलं, ‘माझ्यासाठी ठेवू नका आता.’ दुकानदार म्हणाला, ‘आजारपण आहे का घरात?’ गार्ड म्हणाला, ‘बांधकाम.’

काम सुरू झालं. गवंड्याला वाटलं, म्हातारा खुर्ची टाकून बसेल. म्हातारा पहिल्या दिवसापासून दुसरी छिन्नी घेऊन शेजारी उभा. गवंडी घाई करायला लागला की गार्ड त्याच्या मनगटावर नुसतं बोट ठेवायचा. बीम चढला. विटा एकेक करून बाहेर आल्या. दात काढल्यासारख्या, पण शुद्धीवर असलेल्या माणसाचे. शेवटी उरलं पलीकडचं प्लास्टर, पापुद्र्याएवढं, आणि त्याला पलीकडून चिकटलेल्या तिच्या कडा.

ते गार्डनं स्वतः केलं. पातळ पितळी पत्रा प्लास्टर आणि कागद यांच्यामध्ये सरकवत, एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढं. गवंड्याला मागच्या खोलीत डोंगरासमोर उभं केलं होतं. त्यानं फक्त बघायचं.

‘काका, थांबा! भेग!’

गार्ड तिकडे गेला. बोगद्याच्या तोंडापासून माथ्याकडे केसाएवढी भेग गेली होती, अंगठ्याच्या खळग्याला चाटून. दोघं तिच्याकडे बघत राहिले. वाढेना.

‘पुट्टी भरून देतो, दिसणारसुद्धा नाही,’ गवंडी म्हणाला.

‘नको. बोट लावू नकोस.’

गार्ड परत ओट्यापाशी आला. पत्र्याची कड विजारीला पुसली.  मग पत्रा पुन्हा लावला. प्लास्टरचा शेवटचा तुकडा सुटून त्याच्या तळहातावर आला.

आत डोंगर पोकळ होता आणि उभा होता. जाळीच्या आतल्या अंगाला कागदाच्या पट्ट्या, उभ्या, आडव्या, तिरक्या, कुठे सुरकुती नाही. जिथे कुणाचीही नजर जाणार नव्हती तिथेही टोकं दुमडून चिकटवलेली. गार्ड कसबी माणूस; हात ओळखायचा. असं काम त्यानं फार थोड्यांचं पाहिलं होतं, आणि तिला तसं कधी म्हटलं नव्हतं. एवढी वर्षं त्या डोंगराशेजारी काम करून त्यानं फक्त रंग बघितला होता.

सांध्याची जोडपट्टी निसटली होती. दोन बोटांनी बसली. अडकलेला डबा काढला, पुसला, जोडला.

‘आता?’ गवंड्यानं विचारलं.

‘तिकडे गाडी सोडायची गोल मूठ आहे. मी हाक मारली की सावकाश फिरव. सावकाश म्हणजे सावकाश.’

गवंड्यानं मूठ फिरवली. गार्ड ओट्यापाशी वाकून उभा राहिला. आधी आवाज आला, मग उजेड, मग तिच्या पट्ट्यांखालून इंजिन आलं, त्यामागे डबे, खिडक्यांत दिवे लागलेले, सांध्यावरून टिक करून गेले आणि वळणाआड झाले.

‘दिसली का, काका?’ पलीकडून हाक आली.

‘दिसली.’

‘एवढ्यासाठी?’

‘हो. एवढ्यासाठी.’

गवंड्यानं आणखी दोन फेऱ्या मारल्या; त्यालाही मजा वाटायला लागली होती. मग हिशेब झाला, त्यानं थापी-छिन्नी गोळा केली आणि तो पुढच्या कामाला गेला. मुलीला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, ‘छान. पण स्वयंपाकघरात धूळ येईल, बाबा.’

आता अडचण एकच आहे, आणि तिला गवंडी नाही. मूठ एका खोलीत आणि खिडकी दुसरीत. गाडी सोडायला एक माणूस लागतो, बघायला दुसरा. गार्ड मूठ अगदी हलकी फिरवतो आणि गुडघे सांभाळत स्वयंपाकघराकडे निघतो. कधी वेळेत पोचतो. बहुतेकदा शेवटचा डबाच दिसतो.

जन्मभर लेथसमोर उभं राहून, सुट्टीच्या दिवशीही पाळी करून जे साठलं, त्यातून अखेर आलं ते एवढं: वर एक लोखंडी बीम, ओट्यामागे हातभर रुंद चौकट, आणि तिला बिजागरीची एक फळी, जी तो दिवसभर उघडीच ठेवतो.