भाऊ-बहिणीसारखे

माझी बायको आधी दुसऱ्याची बायको होती. वेंगुर्ल्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाचं त्यामुळे काही अडत नव्हतं. अडलं ते फक्त आमच्या चर्चचं.

तिचा पहिला नवरा मस्कतला कामाला गेला आणि तिथेच एका बाईबरोबर राहू लागला. मागे ही आणि तान्ही मुलगी. पुढे ओरोसच्या कोर्टाने घटस्फोट दिला आणि आम्ही रजिस्टर लग्न केलं. मी बाजारात बेकरी चालवायचो. मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. मलाच पप्पा म्हणायला शिकली.

लग्न झालं त्या दिवसापासून आम्हा दोघांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फादर देतात तो पवित्र भाकरीचा तुकडा, बंद झाला. मला त्याचं फारसं काही नव्हतं. बायकोला होतं. रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेत सगळे प्रसादासाठी रांगेने आल्ताराकडे, वेदीकडे निघाले की ती बाकापाशी गुडघे टेकून खाली बघत राहायची.

दोन हजार आठ साली मुलीचा पहिला ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी ठरला. त्या दिवशी आईबापांनी मुलांबरोबर पुढे जाऊन प्रसाद घ्यायचा अशी रीत. बायको मला ओढून फादरांकडे घेऊन गेली.

फादर तरुण होते, शुद्ध मराठी बोलायचे. म्हणाले, "लग्न कोर्टाने मोडलं, देवाने नाही. पहिला नवरा जिवंत आहे तोवर तुम्ही त्याच्याच पत्नी आहात."

"तो थंय दुसऱ्या बायलेबरोबर रवता, फादर," बायको म्हणाली.

"ते त्याचं पाप. तुम्ही तुमचं बघा." मग आवाज जरा मऊ केला. "एक मार्ग आहे. मुलीसाठी तुम्ही एका घरात राहा, पण भाऊ-बहिणीसारखे. दोघांनी तसं वचन द्या, पापांची कबुली द्या, मग प्रसाद घेता येईल."

माझं डोकंच फिरलं. "माझी बायल माझी भैण? फादर, तुमका बोलूक लाज वाटूक व्हयी."

घरी येऊन चहा टाकताना बायको मुलीकडे बघत म्हणाली, "दिवया वचन. चेडवासाठी."

"माझ्या तोंडातसून ता येवचा नाय. तुझ्याबरोबर मी पाप करतंय काय गो?"

"तुमका देव नको, म्हणान माका पण नको काय?"

  पण वचन मी दिलं नाही.

मुलीच्या पहिल्या प्रसादाच्या रविवारी बायकोचा पहिला नवरा हजर. सुट्टीवर आलेला, सेंट मारून. मुलीचा बाप म्हणून फादरांनीच बोलावलेला. आदल्या दिवशी त्याने पापांची कबुली दिली होती म्हणे. त्याने दुसरं लग्न केलं नव्हतं, नुसताच राहत होता. चुकलो म्हणाला आणि मोकळा झाला. आम्ही कायद्याने लग्न केलं, म्हणून आम्ही पापी. मुलीचा हात धरून तो पुढे गेला. ती मागे वळून वळून आम्हाला शोधत होती.

तेवढ्यात बायको उठली. मला वाटलं, बाहेर जाते आहे. ती रांगेत जाऊन उभी राहिली. पाळी आली तसं तिने फादरांपुढे हात केले. त्यांनी प्रसादाची वाटी छातीशी ओढली आणि आशीर्वादासाठी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तिने डोकं मागे घेतलं. भरल्या चर्चमधून ती रिकाम्या हातांनी परत आली आणि माझ्या शेजारी बसली. रडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून फादरांच्या बंगल्यावर जाणारे पाव मी बंद केले. त्यांचा माणूस विचारायला आला. "बांद्याच्या बेकरीतसून मागवा," म्हटलं. मस्कतवाला सुट्टी संपताच परत त्या बाईकडे गेला. फादरांना ते ठाऊक होतं. वयाबरोबर राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि मला तो निववायचाही नाही. मी त्या चर्चची पायरी पुन्हा चढलो नाही.

बायको मात्र दर रविवारी जायची. मी चिडलो की म्हणायची, "ता घर काय फादराचा आसा? माका भायर काढूक तो कोण?"

मुलगी तिच्याबरोबर जायची, पण त्या दिवसानंतर रांगेत कधी उभी राहिली नाही. फादरांनी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "आधी मम्मीक प्रसाद दिया." त्यावरून बायको तिला घरी येऊन रागावली. मुलीने ऐकलं नाही.