ओडीलच्या चार पट्ट्या

ओडील लव्हासर आणि मी गेली सदतीस वर्षं शेजारी आहोत. आम्ही अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या या नदीकाठच्या गावात आलो तेव्हा माझे यजमान कागदाच्या गिरणीत, प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि ओडील तीन नंबरच्या यंत्रावर नुकतीच लागली होती. यंत्रावर बाई नको म्हणून पुरुषांनी वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं. नऊ भावंडांतली ती सातवी. म्हणायची, घरी तरी माझं कोण ऐकत होतं?

चार वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली. ओडील तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. लोकांनी शाळेच्या खानावळीतली नोकरी सुचवली. तिने कॉलेजात नाव घातलं आणि इमारतींचे आराखडे काढायला शिकली. त्यासाठी कॉम्प्युटर लागला, तो तिने सुटे भाग आणून स्वतःच जोडला. ज्या यंत्राचं झाकण मला उघडता येत नाही त्यावर मी काम करणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. तिचा धाकटा भाऊ रोझेर बटाट्याची शेती करतो. तो त्या पेटीला खुराडं म्हणतो.

शिक्षण झालं, पण काम कुणी देईना. या जानेवारीत मात्र कॉर्मिए नावाच्या बांधकाम कंत्राटदाराने नन्सची जुनी शाळा विकत घेतली. तिथे म्हाताऱ्यांसाठी चौदा घरं करायची होती. त्याने ओडीलला सांगितलं, अख्ख्या इमारतीचे आराखडे काढ, गुरुवारी दोन वाजता तुझ्या पडद्यावर बघतो, पटले तर काम तुझं.

एकेक मजला नीट उघडत होता. तिन्ही मजले एकत्र आणले की कॉम्प्युटर गोठायचा. मेमरी अपुरी पडते आहे, हे ओडीलने ओळखलं. होत्या तशाच मेमरीच्या आणखी दोन पट्ट्या तिने मागवल्या. त्या पोचल्या बुधवारी संध्याकाळी.

गुरुवारी सकाळी नऊला तिने मला टॉर्च धरायला बोलावलं. बाहेर उणे बावीस अंश, आत घर तापवणाऱ्या भट्टीची कोरडी हवा. अशा दिवसांत दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते आणि एवढीशी ठिणगी मेमरी बिघडवायला पुरते. म्हणून ओडीलने लोकरीचे मोजे काढले आणि तळघराच्या सिमेंटवर अनवाणी उभी राहिली. पेटीच्या पत्र्याला हात लावून तिने पट्ट्या खाचांत बसवल्या. दोन्ही टोकांना टक्‌ असा आवाज आला. बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच.

तिने बंद करून पट्ट्या काढल्या, पुन्हा बसवल्या. काळाच. मग जुन्या-नव्यांच्या जागा बदलल्या. तरी काळाच. तेवढ्यात रोझेर बटाट्याचं पोतं घेऊन तळघरात उतरला. काळा पडदा बघून म्हणाला, "ताई, आता तरी त्यात कोंबड्या ठेव. निदान अंडी मिळतील."

एरवी तिने त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी ती पायरीवर बसली. "ठिणगी लागली असणार, कुमुद," मला म्हणाली. "मीच मारलं त्याला. कॉर्मिएला फोन करून येऊ नको म्हणते."

वेळा टिपायची माझी शाळेपासूनची खोड. एप्रनच्या खिशात वही होतीच. मी वाचून दाखवलं. नऊ चाळीसला सुरू, नऊ एक्केचाळीसला बंद. नऊ पंचावन्नला सुरू, सत्तावन्नला बंद. दहा दहाला सुरू, दहा अकराला बंद.

ओडील माझ्याकडे बघतच राहिली. "पुन्हा वाच," म्हणाली. मी वाचलं.

"दोन मिनिटांच्या वर दिलीच नाहीत मी," ती म्हणाली. "गिरणीत नवा लोकरी पट्टा चढवला की चार तास यंत्र रिकामं, हळू चालवायचो. पट्टा बसल्याशिवाय कागद सोडायचा नाही. पोरांनी घाई केली की मी त्यांच्या बोटांवर मारायचे."

"मग आता तुझ्या बोटांवर कोण मारणार?" रोझेरने विचारलं.

"तू. बस इथे."

तिने पुन्हा बटण दाबलं. पेटीतल्या हिरव्या सर्किट बोर्डावर एक बारीक पिवळा दिवा लागला. कॉम्प्युटर नव्या पट्ट्या तपासत होता. पहिल्या खेपेला त्याला वेळ लागतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खोक्यातल्या कागदावर म्हणे लिहिलेलं होतं. ओडील स्वतःच्या हातांवर बसली. चौथ्या मिनिटाला तिचा एक हात निसटला, रोझेरने तो धरून ठेवला. मी वर जाऊन कुट्टूच्या पिठाचे प्लोय तव्यावर घातले, आपल्या घावनांसारखेच ते, उलटायचे मात्र नाहीत. तिसरा होत होता तेव्हा खालून रोझेरची हाक आली. दहा सत्तावीसला सुरू केलेला कॉम्प्युटर दहा छत्तीसला उजळला होता. चारही पट्ट्या दिसत होत्या.

तिन्ही मजले एकत्र उघडले.

कॉर्मिए बरोबर दोनला आला. बूट दारात काढून त्याने तासभर ती शाळा पडद्यावर फिरवून फिरवून पाहिली. मागच्या जिन्यापाशी थांबून म्हणाला, "हा चार इंच अरुंद आहे."

"आहे," ओडील म्हणाली. "भिंत जुनी आहे. ती पाडायची की नाही, ते तुम्ही सांगा."

तो हसला. म्हणाला, काम तुझं, भिंतीचं सोमवारी तिथेच ठरवू, पेटी घेऊनच ये.

सोमवारी सात वाजता मी खिडकीतून पाहिलं. रोझेरने खुराडं घोंगडीत गुंडाळून गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवलं होतं आणि त्याला पट्टा लावत होता. ओडील मागे बसली होती.