सुस्त सर्व्हो

थायलंडातल्या खोन केन शहरात, तेकच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक एकच मागणी करतं: सगळ्यात चपळ सर्व्हो दाखव. सर्व्हो म्हणजे रेडिओने उडवायच्या खेळातल्या हेलिकॉप्टरची पाती कलवणारी बोटभर मोटर. इकडे हातातल्या रेडिओची दांडी हलली की तिकडे हेलिकॉप्टर हललं पाहिजे, मध्ये पापणी लवायचीही सवड नको. त्यामुळे लुंग बुनलर्टनी दोन्ही हात पाठीमागे बांधून "तुझ्याकडचे सगळ्यात सुस्त कोणते?" असं विचारलं, तेव्हा तेकला वाटलं म्हातारा फिरकी घेतोय.

लुंग म्हणजे काका. हेलिकॉप्टर उडवायच्या मैदानावरचे सगळे त्यांना लुंगच म्हणतात. विहारांच्या जत्रांमधले लाउडस्पीकर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि उरलेलं सगळं हेलिकॉप्टरच्या पायी. हे खेळातलं यंत्र हवेत एका जागी उभं ठेवणं महाकर्मकठीण. शिकणाऱ्याचं ते आधी झाडात जातं, मग बांधावर आपटतं, मग बायको बोलते. गावातल्या निम्म्या हौशी मंडळींना ते उभं करायला लुंगनीच शिकवलं होतं. तेकलाही. आपलं यंत्र डोळ्यांसमोर खिळा ठोकल्यासारखं उभं करून ते शेजारच्याशी आमटीच्या चवीवर गप्पा मारायचे, आणि लोक यंत्राकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघायचे.

त्याच हातांपैकी उजवा थरथरायला लागला. नुसता मांडीवर ठेवला तर गप्प, काही धरायला गेलं की सुरू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वाढत जाणार. लुंगनी घरी येऊन डॉक्टरला काही कळत नाही असं सांगितलं आणि मालिवानने, त्यांच्या बायकोने, मान डोलावली. त्यानंतर तिने पातळ सूप करणंच बंद केलं. चिकट भात आणि भाजलेला मासा, हाताने खायचं, सांडायचा प्रश्न नाही. का ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

उजव्या दांडीवर यंत्राची उंची असते. हात थरथरला की हेलिकॉप्टर उचकी लागल्यासारखं वरखाली होतं, आणि ते लपवता येत नाही, आकाशात लपवणार कुठे? लुंगनी सगळं करून पाहिलं. दांड्यांना ताठ स्प्रिंगा बसवल्या. जुना रेडिओ देऊन दुसरा घेतला, त्यात दांडी थोडी हलली तर दुर्लक्ष कर अशी सोय होती. तीही पुरेना, तेव्हा तिसरा घेतला. जग हाताचं ऐकणारा रेडिओ शोधतं आणि या माणसाला हाताचं न ऐकणारा हवा होता. शेवटी उरले सर्व्हो. सुस्त सर्व्होला बारीक थरथर पोचणारच नाही, असा त्यांचा हिशेब होता. बुडत्या माणसाचे हिशेब असतात तसा.

तेकने धूळ झटकून सर्व्हो काढून दिले. लुंगनी बसवले आणि मैदानावर यंत्र उचललं. पण त्यात तोल सांभाळणारा जायरो असतो, तो क्षणाक्षणाला हुकूम सोडतो. सुस्त मोटरा उशिरा पोचायच्या, जायरो उलटा हुकूम द्यायचा, आणि या ओढाताणीत हेलिकॉप्टर आपणहूनच थरथरायला लागलं. मंडळी जमली. कोणीतरी म्हणालं, सर्व्हो भंगार आहेत.

लुंगना रडू येईल इतकं बरं वाटलं. आता यंत्र थरथरत होतं, ते नव्हेत. पुढे प्रत्येक रविवारी त्यांनी ते लटपटतं हेलिकॉप्टर उडवलं आणि सर्व्होला यथेच्छ शिव्या दिल्या.

इकडे क्रेंगजाय नावाची एक गोष्ट आहे. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून आपण गिळतो ते सगळं क्रेंगजाय. आपल्या भिडेची थोरली बहीण म्हणा. मैदानावर किती जणांनी काय ओळखलं होतं, देव जाणे. बोललं कोणी नाही. तेकने मात्र खरंच ओळखलं नव्हतं. आपल्या दुकानातल्या मालाने गुरूची चारचौघांत शोभा झाली, हेच त्याला खात होतं. एका रविवारी तो सगळ्यात चपळ सर्व्हो घेऊन आला, लुंगच्या यंत्रात स्वतः बसवले, रेडिओतली दुर्लक्षाची सोयही काढून टाकली. लुंग नको नको म्हणत राहिले. पण शिष्याने प्रेमाने आणलेली वस्तू सगळ्यांदेखत नाकारायची कशी? क्रेंगजाय त्यांनाही होतंच.

तेकने यंत्र उचलून दाखवलं. खिळा ठोकल्यासारखं उभं. मंडळींनी माना डोलावल्या. मग त्याने ते उतरवलं आणि रेडिओ दोन्ही हातांनी, मान लववून, लुंगपुढे धरला.

पळवाट नव्हती. लुंगनी रेडिओ घेतला. हेलिकॉप्टर उठलं आणि उठल्या उठल्या उचक्या द्यायला लागलं. चपळ सर्व्हो थरथरीतला कण न् कण इमानदारीने पोचवत होते. लुंगनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून पाहिलं, तर डावी दांडी मोकळी सुटली आणि यंत्र कलून मैदानाच्या कडेच्या मांडवाकडे सरकायला लागलं. मांडवात माणसं बसली होती. मालिवान पपईचं सॅलड वाढत होती. ती उठली नाही, फक्त पळी खाली ठेवली.

तेक हातभर अंतरावर होता. त्याचा हात रेडिओकडे गेला आणि मध्येच थांबला. वडीलधाऱ्याच्या हातातून, त्यांनी सांगितल्याशिवाय, काढून घ्यायचा? कोणीच घेईना. पात्यांचा आवाज मांडवावर आला, आणि लुंगना कळलं की ही माणसं जखमी होतील पण आपल्याला दुखावणार नाहीत. अशी भीती त्यांना डॉक्टरकडेही वाटली नव्हती.

"तेक, धर," ते म्हणाले. "मला जमत नाही."

तेकने रेडिओ घेतला, यंत्र मागे ओढलं, गवतावर अलगद टेकवलं. पाती थांबेपर्यंत लुंगचे रिकामे हात सवयीने पाठीमागे गेले होते. मग तेक हेलिकॉप्टरपाशी उकिडवा बसला आणि मान वर न करता म्हणाला, "रिसीव्हर बिघडलाय लुंग. पुढच्या रविवारी बदलून टाकू."

मंडळींना हायसं वाटलं. यंत्रातला, रेडिओचा हुकूम ऐकणारा रिसीव्हरच, असं दोघातिघांनी म्हटलंही. सगळे लुंगकडे बघत होते. त्यांनी नुसतं हं म्हटलं असतं तरी पुढचा रविवार त्यांचा होता, कदाचित त्याच्या पुढचाही.

"रिसीव्हर चांगला आहे," लुंग म्हणाले. त्यांनी उजवा हात पाठीमागून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला.